आईला बसवायचं कुठे

ओल्जेटो, ९ ऑगस्ट १९७७

लोरिंडा,

तुझं पत्र दुकानदाराने साखरेच्या पोत्यांमागे इतकं जपून ठेवलं होतं की त्यालाच ते सापडेना. म्हणून उत्तराला उशीर. आम्ही सगळे बरे आहोत. माझा खुबा नेहमीसारखा कुरकुरतो, तुझा दाजी एमेट नेहमीसारखा गप्प आहे, मेंढ्यांना चारा बेताचा आहे.

आईने मात्र नवं खूळ काढलंय. परवा एक परदेशी बाई मोटारीतून उतरली. आई सावलीत माग लावून विणत बसली होती. बाईने पिशवीतून एक रंगीत कार्ड काढून तिच्यापुढे धरलं, फिरायला येणारे लोक घरी पाठवायला घेतात तसलं. त्यावर आईच होती. जांभळा मखमली झगा, भोवती मेंढ्या, मागे आपले लाल खडकाचे दोन सुळके. आई मान तिरकी करून कार्डाकडे बघत राहिली. बाई गेल्यावर मला म्हणाली, "ही माणसं मला बघून झाल्यावर पुढे कुठे जातात?"

मी म्हटलं, मोठ्या दरीकडे जातात, ग्रँड कॅनयनला.

"आणि तिथून?"

दगड झालेली झाडं बघायला. धरणाचं तळं बघायला.

"जन्मभर लोक मला बघून पुढे गेले, मी आपली इथेच," ती म्हणाली. "मलाही गाडीतून उतरून बघायचंय. एवढं काय आहे तिथे ते."

मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. विसरली नाही. ऑक्टोबरात ऊन उतरलं की जायचं, असं तिनेच ठरवून टाकलंय. गाडी अर्थात एमेटची, आणि चालवणारही तोच, कारण माझ्या पायाला क्लच झेपत नाही. आता तूच सांग, आईला बसवायचं कुठे? तू रजा काढून ये, आणि येताना नकाशा आण.

तुझी ताई,
वर्ना


ओकलंड, २३ ऑगस्ट १९७७

ताई,

पत्र कामावर वाचलं आणि हसताना माझ्या हातून सूपचा वाडगा सांडला. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात हसायला बंदी नाही, पण सूप सांडायला आहे.

धन्य आहे तुम्हा लोकांची. बावीस वर्षं एका अंगणात राहून ज्या सासू-जावयांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, त्यांना तू एका पिकअपमध्ये कोंबणार. दाजी समोरून येताना दिसले की आई डोक्यावरून घोंगडी ओढते, आणि आईच्या कमरेचं घुंगरू वाजलं की दाजी मागच्या मागे पसार होतात, हे बघत मी मोठी झाले. सासू-जावयाने एकमेकांना बघितलं तर डोळे जातात, हे आपल्याला बोलायला यायच्या आधीपासून माहीत आहे. मी इथे बायकांना सांगते तेव्हा त्या म्हणतात, "ही रीत आमच्याकडे आणा, आम्ही सासूसकट आनंदात राहू."

पण आईला जायचं असेल तर जायलाच हवं. तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. पेट्रोल पंपावरून नकाशा आणलाय, त्यावर लाल शाईने रस्ता आखून सोबत पाठवतेय. आधी मोठी दरी, मग दगडाची झाडं, मग चिन्ली आणि तिथले कडे, मग घरी. दोन रात्री मुक्काम. आईला पिकअपच्या मागच्या बाजूला गादी घालून बसवा. आपण लहानपणी तसेच जत्रेला जायचो.

लोरिंडा


ओल्जेटो, १४ सप्टेंबर १९७७

लोरिंडा,

नकाशा मिळाला. मी तो आईला वाचून दाखवला, तर तिने सगळा उलटा फिरवायला लावला. म्हणाली, "ही पोरगी शहरात जाऊन दिशा विसरली. आधी पूर्व. सूर्य फिरतो तसंच फिरायचं." तेव्हा आधी चिन्ली, मग दगडाची झाडं, मग मोठी दरी, मग तळं आणि उत्तरेकडून घरी. तुझी लाल शाई वाया गेली.

आता बसण्याची कथा ऐक. एमेटने पिकअपच्या मागे लाकडी चौकट ठोकली, वर ताडपत्री घातली, जुन्या कोचाची बैठक आणून बसवली. चार दिवस खपला बिचारा. मी आईला बसवून कायेंटा गावापर्यंत नेऊन आणलं. उतरल्यावर म्हणाली, "मागे बसलं की गेलेलंच दिसतं. येणारं कुठे दिसतं?"

एमेटला निरोप दिला. त्याने आपल्या मामेभावाची लांब मोटार मागून आणली, मागे सीट असलेली, आणि दोन्ही सीटच्या मधे घोंगडी टांगली. आई पुन्हा बसली. पुन्हा उतरली. "मी काय घोंगडी बघायला चाललेय? घोंगड्या मी घरी विणते." तिचंही बरोबरच आहे. घोंगडीला भोक पाडू का, म्हणून एमेटने विचारलं. आईने ऐकलं आणि इतकी हसली की ठसका लागला.

तेव्हा अजून तोड निघालेली नाही. पण काढू. एमेट या बाबतीत भलताच हट्टाला पेटलाय, का ते पुढे कधी लिहीन.

एक सांगायचं राहिलं. आईची नजर हल्ली बरी नाही. कॉफी कपाच्या बाजूला ओतते. परवा तिच्या मातीच्या होगनच्या दाराची चौकट खांद्याला लागली, आणि डावीकडची शेळी तिला दिसलीच नाही, तिच्यावरच अडखळली. समोरचं मात्र लख्ख दिसतं. माझ्या झग्यावरचा डाग तिला बरोबर दिसतो.

वर्ना


ओकलंड, २५ सप्टेंबर १९७७

ताई,

तू मला आधी का नाही लिहिलंस? हा मोतीबिंदू आहे. मी रोज बघते. वरच्या मजल्यावर डोळ्यांचे रोगी असतात, त्यांची ताटं मीच नेते. आज डोळ्यावर पट्टी, आणि पट्टी सुटली की म्हातारी माणसं भिंतीवरच्या घड्याळातला काटा वाचायला लागतात. एक आजोबा तर माझ्याकडे बघून म्हणाले, "अरेच्चा, तू तर तरुण आहेस." मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो, मग काढतात, आणि सगळं लख्ख.

म्हणून माझं ऐक. ऑक्टोबरात जाऊ नका. आईला अर्ध्या नजरेने मोठी दरी दाखवून काय उपयोग? हिवाळ्यात तिचा मोतीबिंदू पिकेल, एप्रिलमध्ये मी तिला इथे आणून ऑपरेशन करवते, आणि मे महिन्यात आपण जाऊ. तेव्हा तिला दरीच्या तळाचं पाणीसुद्धा दिसेल.

आणि दुसरं. मी मोटार शिकतेय. कालच पहिला धडा झाला. शिकवणारा दोनदा "येशू" म्हणाला. मे महिन्यापर्यंत माझ्याकडे परवाना असेल, मीच चालवीन, आई माझ्या शेजारी बसेल. ना घोंगडी, ना ताडपत्री, ना दाजींना कष्ट. बघ, दोन्ही अडचणी एका फटक्यात सुटल्या.

एकदाच जाणार आहे ती. नीट जाऊ दे.

लोरिंडा


ओल्जेटो, ९ ऑक्टोबर १९७७

लोरिंडा,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं, आणि मग घराबाहेर एमेटला. तो नाही म्हणाला. म्हणजे तोंडाने म्हणाला. एरवी त्याची 'नाही' मला त्याच्या पाठीवरून ओळखावी लागते. "आत्ताच न्यायचं," म्हणाला. "नंतरचं नंतर."

त्याचं कारण तुला सांगते, कारण तू तेव्हा इथे नव्हतीस. सहा वर्षांपूर्वी एमेट ओढ्याच्या पुरात सापडला, एवढंच मी तुला लिहिलं होतं. बाहेर कुणी काढलं ते लिहिलं नव्हतं. आई पलीकडे मेंढ्या चारत होती. घोड्यावरून आली, दोर टाकला, त्याला खेचून काठावर घेतलं. तो बेशुद्ध होता, नाकातोंडात चिखल गेलेला. तिने तो बोटांनी काढला. मी पोचले तेव्हा ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मला बघताच घोंगडी ओढून घेतली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. नंतर मला म्हणाली, "डोळे मिटून तोंडातला चिखल कसा काढणार?"

तेव्हा आपली नजर उतरत चालली त्याचं कारण ती तुझ्या मोतीबिंदूत शोधत नाही. एमेटही नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने तिच्या डोळ्यांना काही होऊ नये म्हणून स्वतःची मेंढरं देऊन चार रात्रींचं गाणं करवलं, गाऊन बरं करणाऱ्या म्हाताऱ्याला घरी आणून. स्वतः मात्र तो टेकडीपलीकडे गाडीत बसून राहिला. आई म्हणते, "बघितलं त्याचं मला वाईट वाटत नाही." पण एमेटला वाटतं. त्याला तिला ते सगळं दाखवायचंय, स्वतः नेऊन.

हे तुला जुनाट वाटेल. वाटू दे. मला स्वतःला खरं काय ते कळत नाही. पण शेवटी आईच म्हणाली, "धाकटी दवाखान्यात काम करते, तिला माहीत असेल. आणि ती स्वतः गाडी चालवणार म्हणते. थांबू." तुझ्या शेजारी बसायचं म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला, ते मी बघितलं. म्हणून मीही पुढे काही बोलले नाही.

तर मे महिना. एमेटने मामेभावाची मोटार परत केली.

वर्ना


ओकलंड, १८ डिसेंबर १९७७

ताई,

परवाना मिळाला. पहिल्या खेपेला नापास झाले, कारण थांबायच्या ठिकाणी थांबले नाही. दुसऱ्या खेपेला इतकी थांबले की मागच्या मोटारी ओरडायला लागल्या. पण पास.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एप्रिलची तारीख घेतली आहे. आईसाठी सोबत पुडक्यात उन्हाची मोठी टोपी पाठवतेय, फिरायला येणाऱ्या बायका घालतात तशी, आणि काळा चष्मा. दरीच्या काठावर तिचा मी फोटो काढणार. आजवर लोकांनी काढला, आता आपण काढू.

मी दाजींबद्दल वाचलं. मला माहीत नव्हतं. त्यांना सांग की मी त्यांचा मान राखते, पण डोळा हा डोळा असतो, त्याला औषध असतं. मे महिन्यात ती त्यांना नाही, पण जग बघेल.

आई टोपी घालते का, ते लिही.

लोरिंडा


ओल्जेटो, ५ मार्च १९७८

लोरिंडा,

तुझ्या पत्राला मी अडीच महिने उत्तर लिहिलं नाही. बर्फ होता आणि रस्ता बंद होता, हे खरं आहे, पण कारण ते नाही.

नाताळानंतर आईने एक घोंगडी मागावरून उतरवली. मधली नक्षी अशी की बघत राहावं. पण दोन्ही काठ वेडेवाकडे, रंगसुद्धा चुकलेले. आईच्या हातून असं कधी झालं नाही. मी तिला दाखवलं नाही, पण तिने बोटं फिरवली आणि तिला कळलं. मग म्हणाली, "मला मधलंच दिसतं. नळीतून बघावं तसं. बरेच दिवस झाले." मी विचारलं, सांगितलं का नाहीस? "मोतीबिंदू पिकतोय ना, म्हणून वाट बघत होते."

रस्ता उघडल्याबरोबर एमेटने आम्हाला दवाखान्यात पोचवलं, ती मागे ताडपत्रीत आणि मी तिच्याजवळ. तिथे आपली एक मुलगी दुभाष्याचं काम करते. तिने दोनदा विचारून घेतलं, मग सांगितलं. हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि नस मरत जाते, आधी कडेची, मग मधली. मोतीबिंदू काढता येतो. यात गेलेलं परत येत नाही. थेंब वेळेवर सुरू झाले असते तर जेवढं होतं तेवढं राहिलं असतं. किती वेळेवर, म्हणून मी विचारलं. ती मुलगी खाली बघून म्हणाली, "शरदात आला असतात तर."

आता आईला उजेड आणि अंधार कळतो. एवढंच.

एप्रिलची तारीख रद्द कर. टोपी तिने घातली होती, एकदा, घरात.

वर्ना


ओकलंड, १३ मार्च १९७८

ताई,

काय लिहू. तू पत्रात मला एक शब्दही बोलली नाहीस, ते मला जास्त लागलं. बोलायला हवं होतंस. कडेचं दिसत नाही हे तू मला तुझ्या हाताने लिहिलं होतंस, चौकट लागली म्हणून, शेळी दिसली नाही म्हणून. मी काल ते पत्र परत वाचलं. सगळं त्यात होतं. मी ताटं नेणारी बाई. ताटं नेऊन मला वाटलं, मला कळतं.

दाजी म्हणाले होते, आत्ताच न्या. मी त्यांना अडाणी समजले.

मी रजा मागितली आहे. मोटार भाड्याने घेऊन येते, सरळ तुमच्या दारात. पुढच्या महिन्यात, किंवा तू म्हणशील तेव्हा. तिला घेऊन जाते. दिसो न दिसो. मला दुसरं काही सुचत नाही.

एक विचारते, खरं लिही. आई माझ्यावर रागावली आहे का?

लोरिंडा


ओल्जेटो, २ एप्रिल १९७८

लोरिंडा,

भाड्याची मोटार घेऊ नकोस. आम्ही जाऊन आलो.

तुझं पत्र वाचून दाखवलं त्या दिवशी आई चुलीशी बसून राख सारत होती. मग म्हणाली, "मे महिन्यात काय वेगळं दिसणार आहे? एमेटला सांग, गाडीत तेल भर."

मी म्हटलं, आणि तुला बसवायचं कुठे?

"पुढे."

"आणि एमेट?"

"तो मला आता दिसत नाही," ती म्हणाली. "आणि चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचं असतं. मग अडचण कुणाला आहे?"

मी बाहेर जाऊन एमेटला सांगितलं. तो पिकअपच्या बोनेटवर हात ठेवून उभा राहिला. मग त्याने रानातली मुळी कुटून तिच्या फेसाने केस धुतले, एखाद्या विधीला बसायच्या आधी धुतात तसे. मधला आरसा छताकडे वळवून टाकला. पहाटे तो आधी चाकावर जाऊन बसला, मान सरळ रस्त्याकडे. मी मधे, आई खिडकीशी. बावीस वर्षांत ती दोघं पहिल्यांदा शेजारी बसली, मधे फक्त माझा खुबा.

चिन्लीपर्यंत एमेट मला सांगायचा आणि मी तिला. "आईला सांग, डावीकडे लाल कडा लागला." "आई, डावीकडे लाल कडा लागला." शेवटी ती म्हणाली, "वर्ना, तू गप्प बस. माझे डोळे गेलेत, कान नाहीत."

आपली रीत खरं तर नजरेची आहे, पण तिच्यापायी बोलणंही आटून गेलं होतं. एमेटने मैलभर नुसती गाडी हाकली. मग बोलायला लागला. लोरिंडा, माझा नवरा काही सांगणारा माणूस नाही हे तुला माहीत आहे. पण तो सांगत गेला. ढग कुठे आहेत, कुणाच्या मेंढ्या आहेत आणि किती खंगल्यात, कुठल्या घराचं दार नवं आहे. दगडाच्या झाडांपाशी त्याने एक ओंडका शोधला आणि मला सांगून तिचे हात त्यावर ठेववले. ती बराच वेळ सालीवरून हात फिरवत होती. "थंड आहे," म्हणाली, "पण झाडच आहे."

मोठ्या दरीपाशी दुपारी पोचलो. एमेट कठड्याशी तोंड दरीकडे करून उभा राहिला. मी आईला त्याच्या मागे उभं केलं. खालून वारा येत होता. तिने विचारलं, "काय आहे?"

तो म्हणाला, "लाल आहे. त्याखाली पिवळं. मग परत लाल, पण काळपट. मग इतकं खाली आहे की रंगच नाही." मग थांबला. मला त्याचा चेहरा दिसत होता, तिला नव्हता. मग म्हणाला, "आई, मला नाही सांगता येत. फार मोठं आहे."

त्याने तिला कधी कशानेच हाक मारली नव्हती.

ती म्हणाली, "मग थोडं थोडं सांग. आपल्याला कुठे जायचंय?"

त्याने सांगितलं. ऊन सरकेपर्यंत तो सांगत होता, सावली कुठे पोचली तेसुद्धा. आजूबाजूला लोक येत होते, फोटो काढत होते, जात होते. एका बाईने आईचा काढला. आणि मग आई रडली. मी तिला आपले वडील गेले तेव्हाही असं रडताना पाहिलं नाही. "मला हे बघायचं होतं," म्हणाली. मी तिला धरून उभी राहिले. एमेटने मागे वळून पाहिलं नाही, पण त्याचे खांदे हलत होते.

तू विचारलंयस, आई रागावली आहे का. रागावली आहे. खोटं लिहून तुझं समाधान करणार नाही. परतताना तळ्यापाशी तिने मला जे सांगितलं ते शब्द न बदलता लिहिते:

"धाकटीला लिही की शरदात मला ते दिसलं असतं. हे तिला माहीत असू दे. आणि लिही की मी तिला शेवटचं बघितलं तेव्हा ती बसमध्ये चढत होती, तिने केस कापले होते आणि मी त्यावरून तिला बोलले होते. ती तोंड फुगवून बसली होती. आता माझ्याकडे तिचं तेवढंच तोंड आहे. तिला म्हणावं ये. माझ्या पुढ्यात बस. हाताने बघते."

ताई